टोपीने केलेली चुगली

नेपोलियनने ऑस्ट्रियनांना हरवलं त्या मारेंगोच्या लढाईचं एक जुनं फ्रेंच छापचित्र समोर आहे, असं समजा. धूर, तोफा, पांढऱ्या घोड्यावर नेपोलियन आणि रांगेतल्या झाडून सगळ्या शिपायांच्या डोक्यावर नळकांड्यासारखी उंच टोपी. तिला म्हणतात शाको. चित्राचं बिंग इथेच फुटतं. लढाई झाली १४ जून १८०० रोजी. फ्रान्सच्या साध्या पायदळाला शाको मिळाला १८०६ मध्ये, तोवर ते दोन्हीकडून दुमडलेली आडवी टोपी घालत. म्हणजे काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शिपाई होते ते नंतरचे.

आता कागद उलटा करून तिरप्या उजेडात धरा. लाकडी ठशाच्या रेषा मागच्या बाजूला उठलेल्या दिसतात. शिळाछापाचा, म्हणजे दगडावर चित्र काढून छापलेला, कागद मात्र सपाट असतो, आणि भिंगाखाली खडूची रेघ दाणेदार दिसते. (आपल्या जुन्या शिळाछाप पोथ्यांचं तंत्र हेच: तेलकट शाई ओल्या दगडाला चिकटत नाही.) पॅरिसमध्ये शिळाछापाचा जम बसला १८१६ च्या सुमारास. तेव्हा नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत होता. एपिनाल गावच्या पेलरँ छापखान्यातले लढायांचे प्रसिद्ध लाकडी ठसे तर फ्रान्स्वा जॉर्जँने कोरले १८३० च्या आसपास, बादशहा वारल्यावर. ‘नेपोलियनकालीन’ म्हणून मिरवणारी कितीतरी चित्रं अशी आठवणींच्या बाजारातली आहेत.

रंग आकार कापलेल्या साच्यातून भरत. साचा जरा सरकला की एकाच्या कोटाचा निळा शेजाऱ्याच्या गालावर! त्या निळ्यावर लेसर टाकून, विखुरलेला प्रकाश तपासून (याला रामन पद्धत म्हणतात) रंगद्रव्य ओळखता येतं, कागदाला ओरखडाही न काढता. प्रशियन निळा निघाला तर हाती काही लागत नाही, तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिळत होता. कृत्रिम अल्ट्रामरीन हा दुसरा निळा निघाला तर रंग १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धातला किंवा नंतरचा. छपाई मात्र त्याआधीचीही असू शकते. जुन्या चित्रांना मागाहून रंग देणारे कमी नव्हते.

मला सगळ्यात गंमत वाटते ती पांढऱ्या कोटातल्या फ्रेंच शिपायांची. पाहणारा म्हणतो, हे पांढऱ्या गणवेशातले ऑस्ट्रियन असतील, नाहीतर रंगाऱ्याने आळस केला. पण ब्रिटिश आरमारामुळे फ्रान्समध्ये निळे कोट रंगवायची नीळ दुर्मीळ झाली, म्हणून १८०६ मध्ये पायदळाला पांढरे कोट द्यायचं ठरलं. काही पलटणींनी ते घातलेही, आणि १८०७ मध्ये बेत गुंडाळला गेला. तेव्हा भिंग घेऊन गळपट्टी आणि बाह्यांच्या कडा पाहायच्या. तिथे रंग नीट भरलेला असेल आणि कोट तेवढा कोरा असेल, तर तो आळस नव्हे.