पर्यावरणाचा अभ्यास, पण माणसांच्या बाजूने

जुलै १९९५मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात पारा ४१ अंश सेल्सिअसपर्यंत चढला आणि आठवडाभरात नेहमीपेक्षा सुमारे ७३९ मृत्यू जास्त झाले. दमट हवा, रात्रीही न उतरणारा उकाडा ही हवामानशास्त्राने दिलेली कारणं खरीच होती. पण शेजारशेजारच्या दोन वस्त्यांचं कोडं त्यातून सुटेना. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल इथे ऊन एकच, एकटे राहणारे गरीब वृद्धही दोन्हीकडे. तरीही मृत्यूचं प्रमाण पहिल्या वस्तीत लाखामागे ४०, दुसरीत फक्त ४. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी या वस्त्यांचा अभ्यास केला. नॉर्थ लॉनडेलमधली दुकानं बंद पडली होती, जागा ओस होत्या आणि गुन्हेगारीच्या भीतीने वृद्ध घराबाहेर पडत नव्हते. साउथ लॉनडेलचे रस्ते गजबजलेले होते. म्हातारी माणसं सहज बाहेर पडत, थंडाव्याला दुकानात जाऊन बसत.

विद्यापीठात पर्यावरणाचा सामाजिक अंगाने अभ्यास करायचा तो अशा प्रश्नांसाठी. भूगोल, अर्थशास्त्र, मानवशास्त्र, राज्यशास्त्र, कोणत्याही विभागातून इथे येता येतं. नियम, मालकी, सवयी आणि सत्ता यांचा माग मात्र सगळ्यांनाच काढावा लागतो. सामायिक कुरण माणसं चरून संपवणारच, असा युक्तिवाद जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८मध्ये मांडला होता. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी उलटी उदाहरणं पुढे ठेवली. स्वित्झर्लंडमधल्या टोरबेल गावात १५१७पासून नियम आहे: हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायच्या. नियम मोजायला सोपा, म्हणून चोरी लगेच उघडी पडते. या कामासाठी ऑस्ट्रॉम यांना २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

शोधनिबंध करताना विद्यार्थी अडखळतात ते बहुधा सर्वेक्षणात. पुस्तकातला ३८४ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो: मोठ्या लोकसंख्येत ९५ टक्के विश्वासपातळी (शंभरातल्या ९५ वेळा अंदाज मर्यादेत राहील) आणि ५ टक्के त्रुटीमर्यादा (खऱ्या आकड्याच्या ५ टक्के इकडेतिकडे) धरली, तर इतका नमुना लागतो. पण हा आकडा साध्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केल्यासारख्या, निवडीसाठी आहे. आधी वस्त्या निवडून मग त्यांतली घरं घेतली, तर शेजाऱ्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात आणि नमुना दुपटीपर्यंत वाढवावा लागतो, म्हणजे ७६८. पाचातलं एक घर नकार देईल असं धरलं, तर ९६० दारं ठोठवायची. एकट्या विद्यार्थ्याला हे झेपत नाही. त्याने सरळ १० टक्के त्रुटी मान्य करावी. त्याच हिशेबाने २४० घरांत भागतं. मात्र जास्त घरं घेऊन नकाराचा दोष जात नाही. दुपारी फिरलात, तर कामावर गेलेली माणसं नमुन्यातून गळणारच. एकाच घरी वेगवेगळ्या वेळी किमान तीनदा जायला हवं.

प्रश्नांची भाषा तर त्याहून नाजूक. ‘तुम्ही पाणी जपून वापरता का?’ याला ‘नाही’ कोण म्हणेल? त्याऐवजी ‘काल किती बादल्या भरल्या?’ असं विचारावं, आणि तेही पाणी भरणाऱ्या व्यक्तीला. कुटुंबप्रमुख ठोकून आकडा सांगतो. बादली किती लिटरची, तेही घरातच बघून घ्यावं. ‘कचरा आणि धूर यांचा त्रास होतो का?’ हा एका वाक्यातला दुहेरी प्रश्न. ‘हो’चा अर्थ लागत नाही. खऱ्या सर्वेक्षणाआधी २०-३० जणांवर चाचणी घेतली की अशा चुका दिसतात. त्या चाचणीची उत्तरं अंतिम विदेत (डेटात) मिसळू नयेत.

विश्लेषणातला सापळा वेगळा. ज्या प्रभागांत उत्पन्न कमी तिथे प्रदूषण जास्त दिसलं, म्हणून प्रभागातलं प्रत्येक गरीब घर जास्त प्रदूषण सोसतं असं ठरत नाही. सरासरी प्रभागाची असते. घराबद्दल बोलायचं, तर मोजमापही घरागणिक हवं. प्रभागांच्या सीमा बदलल्या तर हा संबंध कमीजास्त होतो, प्रसंगी नाहीसाही होतो.

मुलाखतींचं काम वेळखाऊ. तासाभराचं ध्वनिमुद्रण उतरवायला चार ते सहा तास जातात. मग मजकुराला संकेत द्यायचे: भीती, दोषारोप, हक्क वगैरे. त्यातल्या काही मुलाखती दुसऱ्या कुणाकडून स्वतंत्रपणे संकेतबद्ध करून घ्याव्यात. दोघांचं फारसं जुळत नसेल, तर संकेतांच्या व्याख्या बहुतेक ढिल्या असतात. त्या पुन्हा लिहून आधीच्या सगळ्या मुलाखती नव्याने तपासाव्या लागतात.