लोकजैवविविधता नोंदवही

गावच्या शिवारात काय उगवते, काय चरते, पोहते, उडते, त्यातले कोणाच्या उपयोगाचे काय आणि एका पिढीत त्यातले काय वाढले, काय आटले, याची गावकऱ्यांनीच केलेली लेखी नोंद म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही. सरकारी कागदांत आणि ग्रामपंचायतीतल्या बोलण्यातही तिला सर्रास 'पीबीआर' (पीपल्स बायोडायव्हर्सिटी रजिस्टर) म्हणतात. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने ती ठेवावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. ही नुसती वनस्पतींची यादी नव्हे. यादी महाविद्यालयातली पोरे दोन दिवसांत करून देतात. नोंदवहीत मात्र यादीतले प्रत्येक नाव एका जागेशी, एका ऋतूशी आणि ते ओळखणाऱ्या माणसाशी बांधलेले असावे लागते.

उगम आणि कायदा

१९९२ साली रिओ येथे जैवविविधता करार झाला आणि १९९४ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. त्याच सुमारास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावपातळीवर अशा नोंदी करण्याची पद्धत बसवायला घेतली. लोकांचे ज्ञान तोंडी राहिले तर त्यावर हक्क सांगता येत नाही, ही तेव्हाची मोठी काळजी होती, आणि ती पोकळ नव्हती. जखमेवर हळद लावण्याबद्दल अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले ते जुने लेखी आणि छापील दाखले पुढे ठेवल्यामुळे. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ही लढाई लढवली. घरोघरी हळद लावतात, एवढे म्हणून भागले नसते.

जैविक विविधता कायदा २००२ मध्ये झाला आणि २००४ च्या नियमांनी नोंदवही तयार करणे, ती जपणे आणि पडताळणे हे गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे मुख्य काम ठरवले. देशपातळीवर चेन्नईचे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण आणि महाराष्ट्रात नागपूरचे राज्य जैवविविधता मंडळ या कामावर देखरेख करतात. पहिली काही वर्षे काम रेंगाळले. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि ती चुकवणाऱ्या राज्याला दरमहा १० लाख रुपये भरायला लावण्याचे ठरवले. त्यानंतर देशातल्या नोंदवह्यांची संख्या अडीच लाखांच्या पुढे गेली. एवढ्या घाईत झालेल्या वह्यांची प्रत काय असणार, हे वेगळे सांगायला नको. आज बहुतेक गावांपुढे असलेले काम नवी वही करण्याचे नाही, कपाटातली वही काढून ती खरी करण्याचे आहे.

समिती आणि अभ्यास गट

समितीचे सदस्य स्थानिक संस्था नेमते. त्यांत किमान एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे लोक असावेत, अशी अट २००४ च्या नियमांनी घातली होती. कागदावर हे सगळीकडे पाळलेले दिसते. अडचण नेमणुकीच्या रीतीत आहे. जो सभेला येतो त्याचे नाव लागते. रानात जाणारी माणसे सभेच्या वेळी रानात असतात. म्हणून समितीखेरीज वाडीवार अभ्यास गट करणे सोयीचे ठरते: पाच-सात माणसे, त्यांत एक लिहिणारा, एक फोटो काढणारा आणि बाकीचे जाणकार. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावात अभ्यास गटाची रीत फार आधीपासून आहे. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळवताना या गावाला तिचा आधार झाला.

अनेक गावे-वाड्या मिळून झालेल्या गट ग्रामपंचायतीत आणखी एक पेच येतो. कायद्याप्रमाणे नोंदवही पंचायतीची, पण जाण असते वाडीची. वरच्या वाडीला कातळावरची फुले ठाऊक असतात, खालच्या वाडीला वहाळातले मासे. वही एकच ठेवावी, पण तिचे भाग वाडीवार पाडावेत आणि पानाच्या डोक्यावर वाडीचे नाव घालावे. नंतर वेगळे करायला बसले की ते होत नाही.

शिवारफेरी आणि नकाशा

कामाची सुरुवात प्रश्नावलीने करू नये, नकाशाने करावी. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत आणावी, तिच्यावर गट क्रमांक असतातच. ती मोठी करून घ्यावी आणि लोकांकडून त्यावर गावातली जागांची नावे लिहून घ्यावीत. डोह, कोंड, पाणंद, गायरान, बरड, वरकस, सडा, खाजण, राई या नुसत्या जागा नाहीत, तिथल्या मातीपाण्याचे वर्णनच त्या नावात असते. एखाद्या टेपाडाचे नाव 'भेकराचा माळ' असेल आणि भेकर कोणाला आठवत नसेल, तर तीही नोंदच आहे.

त्यानंतर फेरी. वर्षातून निदान तीन वेळा तीच वाट चालावी: मृगाचा पाऊस पडल्यावर आठ-पंधरा दिवसांत, भाद्रपद-आश्विनात आणि होळीच्या आसपास. एकाच फेरीवर वही पुरी केली की तिचा निम्मा जीव जातो. मार्चमध्ये फिरलेल्याला पळस, पांगारा, काटेसावर दिसतात, पण पावसाळी रानभाजी एकही दिसत नाही. पावसाळ्यात फिरलेल्याला टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोळी सापडतात, पण कोणत्या झऱ्याला वैशाखात पाणी राहते ते कळत नाही. चढणीचे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर चढणारे मासे तर पहिल्या पुराच्या दोन-चार रात्रींतच दिसतात. त्या रात्री जो ओढ्यावर असतो त्यालाच त्यांच्या जाती सांगता येतात.

एक नोंद कशी भरावी

ठाणे, पालघर, रायगड पट्ट्यातील शेवळाची नोंद उदाहरणासाठी घेऊ. वाईट नोंद अशी असते: 'शेवळं, रानभाजी, पावसाळा, मध्यम प्रमाण.' चारही गोष्टी खऱ्या आहेत आणि चारही निरुपयोगी.

चांगल्या नोंदीत आधी जागा येते: कोणत्या उतारावर, झुडपांच्या सावलीत की उघड्यावर, गट क्रमांक कोणता. मग काळ: पहिल्या पावसाच्या सुमाराला जमिनीतून फुलोरा आधी वर येतो, पान नंतर. हे लिहून ठेवणे फार गरजेचे आहे, कारण ऑगस्टमध्ये आलेल्या अभ्यासकाला फक्त सुरणासारखे पान दिसते आणि तो दुसऱ्याच नावाने वेगळी नोंद करून मोकळा होतो. मग वापर: बुडाकडचा पिवळट दाणेदार भाग काढून टाकतात, नाहीतर घसा खाजतो, बाकीचा चिरून शिजवताना काकडाच्या आंबट फळांचा रस घालतात. काकड हे झाड त्याच दिवसांत फळते, म्हणून शेवळाच्या नोंदीत काकडाच्या नोंदीचा क्रमांक द्यावा. चिंच-कोकमावरही भागते, पण जाणत्या बायकांना ते पटत नाही. त्यानंतर विक्री: घरी खातात की जुड्या बांधून बाजारात नेतात, कोणत्या बाजारात, काय भावाने. शेवटी बदल. इथे 'पूर्वी खूप होती' असे लिहू नये. एक टोपली भरायला आज किती वेळ लागतो आणि बाई लग्न होऊन गावात आली त्या वर्षी किती लागायचा, असे विचारावे. दोन्ही उत्तरे, सांगणारीची वाडी आणि तिचे अंदाजे वय लिहिले की तुलना होऊ शकते.

कालमापनाला गावाच्या आठवणींचे खुंटे वापरावेत. बहात्तरचा दुष्काळ, साताऱ्याकडे १९६७ चा कोयनेचा भूकंप, गावात वीज आली ते साल, धरणाचे काम सुरू झाले ते साल. 'बहात्तरच्या आधी' हे उत्तर 'पन्नास वर्षांपूर्वी' या उत्तरापेक्षा कितीतरी पक्के असते.

पिकांच्या वाणांची नोंद याच चालीने होते, फक्त प्रश्न बदलतात: हळवे (लवकर तयार होणारे) की गरवे (उशिरा तयार होणारे), कोणत्या खाचरात, किती गुंठ्यांवर, बियाणे घरचे की आणलेले, पेंढा गुरे खातात का. सोडून दिलेल्या वाणाबद्दल 'का सोडला' हे नक्की विचारावे. उत्पन्न कमी हे उत्तर पहिले येते. थोडे थांबले की मग मजूर मिळत नाहीत, काढणीला उशीर होतो, रानडुकरे येतात, गिरणीवाला थोडे भात भरडून देत नाही, ही खरी कारणे निघतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात काळभात, रायभोग, जिरवेल असे वाण अजून शेतात सापडतात. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपण्याच्या कामासाठी पद्मश्री मिळाली.

नावांचा घोळ

नोंदवहीत सर्वांत जास्त चुका नावांत होतात. 'सादडा' म्हणजे काही भागांत ऐन, तर काही ठिकाणी अर्जुन. दोन्ही टर्मिनॅलिया या एकाच प्रजातीगटातले, पण अर्जुनाची साल पांढुरकी, गुळगुळीत, पापुद्र्यांनी सुटणारी आणि ऐनाची काळपट, सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. अर्जुनाची साल औषधाला जाते. नाव चुकले तर व्यापाऱ्याशी बोलताना गावाचे हसे होते. म्हणून आधी गावचे नाव जसे उच्चारतात तसे लिहावे, प्रमाण मराठी करायला जाऊ नये. शास्त्रीय नावाचा रकाना तूर्त मोकळा सोडावा. पुस्तकातल्या नावसूचीत बघून तो भरणे हा चुकांचा राजमार्ग आहे.

ओळख पटवण्यासाठी संपूर्ण झाड, पानाची दोन्ही अंगे, फूल, फळ आणि साल असे वेगवेगळे फोटो लागतात आणि प्रत्येक फोटोत शेजारी मोजपट्टी. शंका असेल तिथे फूल किंवा फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी. पावसाळ्यात कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी येते. वाळलेला नमुना ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवून त्यावर जागा, तारीख आणि गावचे नाव लिहितात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग येथे असे नमुने ताडून बघता येतात.

जाणकार कोण

गावात 'रानाची माहिती कोणाला?' असे विचारले की बोट सहसा एखाद्या वयस्कर पुरुषाकडे जाते. त्याला झाडे आणि शिकार ठाऊक असते. रानभाज्या, सरपण, बियाणे आणि जनावरांची बाळंतपणे बायकांना ठाऊक असतात. खेकडे, कंद आणि मध कातकऱ्यांना. डोहातले मासे भोयांना. गवताच्या जाती धनगरांना. मेंढरे घेऊन वर्षातले काही महिनेच येणारा धनगर गावच्या मतदार यादीत नसतो, म्हणून नोंदवहीतही नसतो, आणि गायरानाचा भाग कोरा राहतो. त्याचा मुक्काम असेल त्या दिवसांत संध्याकाळी त्याच्या तळावर जावे.

मुलाखतीत सुचवणारे प्रश्न टाळावेत. 'गिधाडे कमी झाली ना?' म्हटले की 'हो' येणारच. त्याऐवजी मेलेले जनावर कुठे टाकतात आणि त्यावर काय येऊन बसते, हे विचारावे. शिकारीबद्दल माणसे गप्प होतात, त्यामागे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा असतो. प्राण्याची माहिती घ्यावी, सांगणाऱ्याचे नाव तिथे लिहू नये.

काय उघड, काय झाकलेले

नोंदवहीच्या दोन प्रती करणे शहाणपणाचे. एक कोणालाही पाहता येईल अशी, दुसरी समितीच्या कुलपात. वैदूने सांगितलेले औषधाचे प्रमाण आणि कृती, दुर्मीळ आमरींची (ऑर्किडची) झाडे, खवल्या मांजराच्या बिळांची जागा या गोष्टी पहिल्या प्रतीत येऊ नयेत. कर्करोगावरच्या औषधासाठी सह्याद्रीतला नरक्या हा वृक्ष कसा ओरबाडला गेला ते सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या लोकांनी पाहिले आहे. लेखी दाखल्याने हळद वाचली हे खरे, पण लेखी पत्ता दिला की नरक्या जातो हेही तितकेच खरे. वैदूने सांगायला नकार दिला तर 'ज्ञान आहे, सांगितलेले नाही' एवढेच लिहून पुढे जावे.

उपयोग

कायद्याच्या ४१व्या कलमानुसार, व्यापारासाठी गावच्या हद्दीतून जैविक साधने गोळा करणाऱ्याकडून समितीला शुल्क घेता येते. ते स्थानिक जैवविविधता निधीत जमा होते. २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना सवलत दिली, त्यासाठीचा मूळस्थान दाखला समितीकडूनच घ्यायचा असतो. रानातला हिरडा आणि शेतातला हिरडा वेगळा काढायचा तर आपल्या रानात हिरडा कुठे आणि किती आहे ते समितीला आधीच ठाऊक हवे. सामूहिक वनहक्काचा व्यवस्थापन आराखडा करताना आणि कोणती रोपे लावायची ते ठरवतानाही वही हाताशी लागते. ती नसेल तर रोपवाटिकेत जे शिल्लक असेल ते गायरानात लागते. सिंधुदुर्गातील बांबर्डे-हेवाळे येथे लोकांनी देवराई म्हणून राखलेली रानजायफळाची दलदल पुढे जैवविविधता वारसा स्थळ झाली. अशा प्रस्तावाला जागेच्या आणि जातींच्या पक्क्या नोंदी लागतातच.

अद्ययावत ठेवणे

बहुतेक वह्या पूर्ण झाल्याच्या दिवशीच संपतात. ग्रामसभेत वाचन झाले, फोटो निघाला, वही कपाटात गेली. वाचन मात्र खरोखर करावे, आणि एका बैठकीत नाही तर वाडीवार. चुका तिथेच निघतात, कधी जोरदार भांडणातूनही. दरवर्षी एखादा भाग फिरून पाहावा आणि रानमोडी, घाणेरी, गाजरगवत, वेडी बाभूळ, तळ्यातला तिलापिया मासा यांसारखे बाहेरून आलेले पाहुणे कोणत्या साली कोणत्या गटात पहिल्यांदा दिसले ते लिहावे. जुनी नोंद खोडू नये. तिच्याखाली नवी तारीख घालून नवे लिहावे. मागच्या वर्षी जिथे दोन टोपल्या निघाल्या तिथे यंदा एक निघाली, हे दोन्ही ओळी शेजारी असल्या तरच दिसते.