टेल्युरियमची धास्ती आणि सिलिकॉनचा तडाखा

फेब्रुवारी २०२५मध्ये चीनने पाच मूलद्रव्यांच्या ठरावीक उत्पादनांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. टंगस्टन, बिस्मथ, मॉलिब्डेनम यांच्या जोडीला त्यात टेल्युरियम आणि इंडियमही होतं. थिन-फिल्म, म्हणजे अगदी पातळ थराची सौर पॅनेल बनवणाऱ्यांना ही दोन नावं चांगलीच झोंबणारी. पण कच्च्या मालाची ही धास्ती आजची नाही.

टेल्युरियमपासून होणाऱ्या कॅडमियम टेल्युराइडचं पॅनेल म्हणजे काचेवर चढवलेला जेमतेम तीन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर. नेहमीच्या पॅनेलमधली सिलिकॉनची चकती दीडशे मायक्रॉनच्या आसपास असते. म्हणजे चौरस मीटरमागे टेल्युरियम लागतं साधारण ९ ग्रॅम. अडचण वेगळीच आहे: टेल्युरियमसाठी म्हणून खाण सहसा कुणी खणत नाही. तांबं विजेने शुद्ध करताना टाकीच्या तळाशी काळपट गाळ साचतो. त्यात सोनं, चांदी, सेलेनियम असतं आणि थोडं टेल्युरियम. कोंडा हवा म्हणून कुणी गहू दळत नाही. तसंच टेल्युरियमचा भाव कितीही चढला तरी तांब्याचं उत्पादन त्यासाठी वाढत नाही. शिवाय काही खाणींत तांबं आम्लात विरघळवून काढतात. त्या पद्धतीत हा गाळ मिळतच नाही.

कॅडमियम टेल्युराइडच्या पॅनेलना उद्योगाचं रूप आलं ते अमेरिकेतल्या टोलेडो या काचेच्या गावात. टफन्ड ग्लासमधला जाणकार हॅरॉल्ड मॅकमास्टर याने तिथे काढलेल्या कंपनीतून १९९९मध्ये फर्स्ट सोलर उभी राहिली. पुढे जर्मनीतल्या सौर पॅनेलच्या मागणीमुळे पॉलिसिलिकॉनची, म्हणजे सिलिकॉन पॅनेलच्या कच्च्या मालाची, चणचण झाली. २००८मध्ये खुल्या बाजारात किलोला ४०० डॉलरच्या वर भाव गेला आणि थिन-फिल्मचं नशीब फळफळलं. त्याच वर्षाअखेर फर्स्ट सोलरचा उत्पादनखर्च वॉटला एक डॉलरच्या खाली आला.

२०११मध्ये टेल्युरियम किलोला ३०० डॉलरच्या पुढे गेलं, तेव्हा ते पुरणार नाही अशा भाकितांना ऊत आला. पण हिशेब मांडून पाहा: ९ ग्रॅमचे होतात तीन डॉलरच्या आत-बाहेर. फर्स्ट सोलरचा खर्च तेव्हा वॉटला ७५ सेंटच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरमागे सुमारे ११० वॉट धरले तर ८०-८५ डॉलर. ऐन तेजीतही टेल्युरियमचा वाटा तीन-चार टक्क्यांचाच. महाग असण्यापेक्षा न मिळण्याची भीती खरी होती. आणि घाव बसला तो भलत्याच बाजूने. चीनमध्ये धडाधड कारखाने उभे राहिले आणि २०११ संपता संपता पॉलिसिलिकॉन ३० डॉलरपर्यंत कोसळलं. महाग सिलिकॉनच्या भरवशावर मांडलेली गणितं फसली. इंडियम वापरून नळीच्या आकाराची पॅनेल बनवणारी सोलिंड्रा ५३.५ कोटी डॉलरच्या सरकारी कर्जहमीसकट सप्टेंबर २०११मध्ये दिवाळखोरीत गेली.

भारतात मात्र थिन-फिल्मला धोरणातल्या फटीने हात दिला. २०१०च्या राष्ट्रीय सौर मिशनमध्ये देशी मालाची सक्ती होती ती फक्त स्फटिक सिलिकॉनला. थिन-फिल्म त्यातून सुटलं, वर अमेरिकी मालाच्या निर्यातीला कर्ज देणाऱ्या तिथल्या सरकारी एक्झिम बँकेचं कर्जही मिळू लागलं. राजस्थानात पोखरणजवळ धुरसरला ४० मेगावॉटचा प्रकल्प अशाच कर्जावर, फर्स्ट सोलरच्या पॅनेलनी उभा राहिला.

जानेवारी २०२४मध्ये याच कंपनीचा ३.३ गिगावॉटचा कारखाना चेन्नईजवळ सुरू झाला. पॅनेलची कार्यक्षमता १८ टक्के धरली, तर वरच्याच हिशेबाने तो पूर्ण क्षमतेने चालवायला वर्षाला दीडशे टनांहून जास्त टेल्युरियम लागेल. शुद्ध टेल्युरियमचं जगातलं निम्म्याहून अधिक उत्पादन आजही चीनमध्ये होतं. अमेरिकेत यूटामधल्या केनेकॉट तांबे कारखान्यात रिओ टिंटोने २०२२पासून गाळातून ते काढायला सुरुवात केली आहे. जुन्या पॅनेलमधूनही ते परत मिळवलं जातं, पण पॅनेल पंचवीस-तीस वर्षं टिकत असल्याने तो साठा हाती यायला अजून अवकाश आहे.