सुरक्षित शाळा-वाट (गोवा)

मुलांनी घरापासून शाळेपर्यंत पायी किंवा सायकलने निर्धास्त जावे-यावे यासाठी रस्ता, वाहनांचा वेग, शाळेच्या वेळा आणि मोठ्यांच्या सवयी यांत जाणीवपूर्वक केलेले बदल म्हणजे सुरक्षित शाळा-वाट. मुलाला रस्त्याचे नियम पाठ करायला लावणे हा तिचा एक छोटा भाग आहे. खरे काम असते ते रस्ताच मुलाला झेपेल असा करण्याचे.

युरोपात ही कल्पना १९७०च्या दशकात आकाराला आली. नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर मुलांचे बळी वाढले तेव्हा पालकांनी आंदोलन उभे केले. डेन्मार्कमधील ओडेन्स शहराने मुलांनाच भीती वाटणाऱ्या जागा नकाशावर दाखवायला सांगितल्या आणि त्या दुरुस्त करायला घेतल्या. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड एंगविक्ट यांनी १९९०च्या दशकात ‘चालती शाळाबस’ (मोठ्यांच्या सोबतीने मुलांनी गटाने चालत शाळेत जाणे) ही कल्पना मांडली. अमेरिकेत २००५ मध्ये या कामासाठी संघीय निधी सुरू झाला. भारतात रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने (आयआरसी) पाच ते बारा वर्षांच्या मुलांच्या रस्ता-सुरक्षेवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नमुना नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. म्हणजे पहिले अंतर पायी जाण्याजोगे आणि दुसरे सायकलने जाण्याजोगे आहे.

गोव्यातील रस्ते

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतला गावरस्ता डोळ्यांसमोर आणावा. मध्ये पाच-सहा मीटर रुंद डांबर, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे (कुंपणभिंती), गडग्याबाहेर डोकावणारी झाडे, कडेला उघडे गटार आणि दर शे-दीडशे मीटरवर वळण. पदपथ नसतोच. अशा वाटेवरून वाड्यावरची मुले निघतात तेव्हाच कामावर जाणाऱ्यांच्या दुचाकी, कदंबच्या आणि खासगी बसेस आणि किनारपट्टीत भाड्याच्या गाड्या घेऊन निघालेले पर्यटक रस्त्यावर असतात. पर्यटकाला पुढच्या वळणाआड शाळा आहे हे ठाऊकच नसते.

त्यात पाऊस. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. सकाळी साडेसातलाही आभाळ दाटलेले असते. गटार भरले की रस्ता कुठे संपतो आणि गटार कुठे सुरू होते ते दिसत नाही, चिऱ्यांच्या कडेला शेवाळ धरते, आणि मुले नाइलाजाने डांबराच्या मध्याकडे सरकतात. व्हाळावरच्या (ओढ्यावरच्या) साकवांना म्हणजे छोट्या पुलांना किंवा खाजनाच्या (खाडीकाठच्या खारजमिनीच्या) बांधांना कठडा नसेल तर पावसाळ्यापुरती ती वाट शाळेसाठी बंदच धरावी.

वेगाचे गणित

चालकाला एका सेकंदात धोका उमगतो असे धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबते आणि ओल्यावर १७ मीटर घेते. ताशी ५०ला हेच आकडे साधारण २८ आणि ३८ मीटर होतात. वळणापलीकडचे २५ मीटरच दिसत असतील, तर ३०च्या वेगाने येणारी गाडी पावसातही थांबते. ५०ने येणारी कोरड्यातही थांबत नाही. चालक कितीही सावध असला तरी यात फरक पडत नाही.

मुलाच्या बाजूचे गणितही तितकेच ठाम आहे. लहान मूल सेकंदाला साधारण एक मीटर चालते. सहा मीटरचा रस्ता ओलांडायला त्याला सहा सेकंद लागतात. तेवढ्यात ५०च्या वेगाची गाडी ८३ मीटर पुढे येते, ३०ची ५० मीटर. त्यामुळे जिथून एवढे अंतर दोन्ही बाजूंना दिसत नाही ती जागा ओलांडण्याची नव्हे, मग तिथे झेब्रा पट्टे असले तरी. शिवाय नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही, आणि उभ्या केलेल्या मोटारीआड ते चालकाला दिसतही नाही. ‘बघून जा’ एवढे सांगून पहिलीतल्या मुलाला सोडणे म्हणजे सगळा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकणे आहे.

वाटेची पाहणी

पाहणी शाळेच्या वेळीच करावी, आणि एकदा तरी पावसात. सोबत दोन-तीन मुले हवीत. मोठ्यांनी जागोजागी गुडघे वाकवून, जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवरून दोन्हीकडे पाहावे. गडगा, जाहिरातीचा फलक, टाकून दिलेली गाडी यांमागे किती रस्ता लपतो ते तेव्हाच कळते. प्रत्येक वाड्यापासून शाळेपर्यंतची वाट कागदावर काढून तिच्यावर ओलांडण्याच्या जागा, आंधळी वळणे, फुटकी गटार-झाकणे, कुत्र्यांचे टोळके बसते ते कोपरे, गुरे बसतात ते उतार आणि पाणी साचते त्या जागा मांडाव्यात.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला २५ मीटर अंतरावर खडूच्या दोन खुणा कराव्यात आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ पाहावी. तीन सेकंद लागले तर वेग ताशी ३०, १.८ सेकंद लागले तर ५०. किमान पन्नास गाड्या मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, आणि मोजणारे आडोशाला असावेत. माणसे दिसली की चालक हळू होतात आणि आकडे फसवे येतात. असा आकड्यांचा तक्ता हाती असला की ‘गाड्या फार जोरात जातात’ या तोंडी तक्रारीला वजन येते.

रस्त्यावरची कामे

सर्वांत आधी गतिरोधकच मागितला जातो आणि तोच सर्वांत वाईट बांधला जातो. आयआरसीच्या नमुन्यात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५च्या आसपास तो सहज पार होतो, जास्त वेगाने जोरात उसळवतो. प्रत्यक्षात हातभर रुंदीचा उभा उंचवटा घातला जातो. त्यावर दुचाकी घसरते, सायकलस्वाराच्या पाठीला हिसका बसतो, आणि दुचाकीवाले तो चुकवायला नेमके कडेच्या, म्हणजे मुलांच्या चालण्याच्या पट्ट्यात घुसतात. गतिरोधक डांबराच्या पूर्ण रुंदीभर असावा, पाणी जायला गटाराशी फक्त चिंचोळी फट ठेवावी, आणि अलीकडे फलक व रंगाचे पट्टे असावेत. शाळेच्या फाटकासमोर सर्वांत उपयोगी पडते ते उंचावलेले ओलांडण-ठिकाण : सपाट माथ्याचा, १० सेंटिमीटर उंच, किमान तीन मीटर रुंद चौथरा, त्यावर झेब्रा. मूल त्यावर चालते तेव्हा चालकाला उठून दिसते, आणि गाडीचा वेगही तिथेच मोडतो.

पदपथाची मोकळी रुंदी आयआरसीच्या नियमानुसार किमान १.८ मीटर हवी. गावरस्त्यावर एवढी जागा बहुधा नसते. अशा वेळी उघडे गटार मजबूत लाद्यांनी झाकून त्यालाच चालण्याचा पट्टा करणे हा गोव्यात सर्वांत व्यवहार्य उपाय आहे. मात्र लाद्या एका पातळीत बसायला हव्यात, दोन लाद्यांतली फट लहान पावलाच्या रुंदीपेक्षा कमी हवी, आणि लोखंडी जाळीच्या सळ्या जाण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. सळ्या समांतर असल्या तर सायकलचे पुढचे चाक त्यांत अडकते आणि मूल हॅण्डलवरून पुढे फेकले जाते. लाद्या सोडवून गटार उपसण्याचे काम मेअखेर संपवून त्या पुन्हा बसल्या आहेत का, हे पाहिल्याखेरीज पावसाळा सुरू होऊ देऊ नये.

वळणावरचा गडगा खासगी असतो, त्यामुळे तो तोडणे क्वचितच जमते. पण गडग्यावरची झुडपे छाटणे आणि कोपऱ्यातला भाग एक मीटरच्या खाली आणणे मालकाशी बोलून बहुधा होते. पावसात झुडपे झपाट्याने वाढतात म्हणून छाटणी जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा चतुर्थीच्या आधी, अशी दोनदा लागते.

शाळेचे फाटक

धोक्याचा मोठा वाटा शेवटच्या दोनशे मीटरमध्ये असतो, आणि तो बहुतांशी मुलांना सोडायला आलेल्या पालकांच्याच गाड्यांचा असतो. फाटकाशी दुहेरी रांग, मागे-पुढे करणाऱ्या मोटारी, त्यांच्यामधून वाट काढणारी पायी मुले. हे पाहून आणखी पालक गाडीने सोडू लागतात आणि गर्दी वाढते. उपाय म्हणजे दोन-तीनशे मीटर अलीकडे सोडण्याची जागा ठरवणे. देवळाचे पटांगण, चर्चचे आवार, फुटबॉलचे मैदान, पंचायतीची मोकळी जागा यांतले काहीतरी गोव्याच्या जवळजवळ प्रत्येक गावात असते. तिथून पुढे मुले एकत्र चालत येतात.

फाटकाच्या दोन्ही अंगांना २० मीटरपर्यंत गाडी उभी करू देऊ नये. बहुतेक शाळा दुपारी दीडच्या आसपास सुटतात, तेव्हा पायी व सायकलने जाणाऱ्या मुलांना गाड्यांच्या दहा मिनिटे आधी सोडावे. एवढा एक बदल विनाखर्च होतो. बालरथ (गोव्यातल्या सरकारी योजनेतली शाळाबस) आवारात असेल तर मुले मैदानात असताना ती मागे घेऊ नये. गोल फिरून बाहेर पडायला जागा नसेल तर बसने रस्त्याकडेलाच, शाळेच्या बाजूला थांबावे. उतरलेल्या मुलांनी बस निघून जाईपर्यंत रस्ता ओलांडू नये. बससमोरून धावत निघालेले मूल मागून येणाऱ्या दुचाकीला दिसत नाही. गाड्या थांबवण्याचे काम झेंडा देऊन सातवी-आठवीच्या मुलांकडे सोपवण्याची पद्धत चुकीची आहे. तिथे चमकते जाकीट घातलेला प्रौढ माणूसच हवा.

सोबतीने चालणे

वाड्यातली मुले मिळून शाळेत जाणे ही गावाची जुनीच रीत. तिला वेळापत्रक आणि एक-दोन मोठी माणसे जोडली की चालती शाळाबस होते. आठ लहान मुलांमागे एक प्रौढ, एक पुढे व एक शेवटी, ठरलेले थांबे आणि ठरलेली मिनिटे. उशीर झालेल्यासाठी थांबायचे नाही, नाहीतर आठवड्यात योजना मोडते. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने चालावे, पण उजवीकडे वळणारा आंधळा कोपरा आला की थोडे अलीकडेच डाव्या कडेला जावे. पावसात रेनकोट पिवळा किंवा नारिंगी असावा. टोपी मुलाच्या मानेबरोबर वळते का ते घालून पाहावे. सैल टोपी जागीच राहते आणि दोन्ही बाजूंचा रस्ता झाकते.

सायकल

वर्दळीच्या रस्त्यावर एकट्याने सायकल चालवायला दहा-बारा वर्षांचे वय हे किमान धरावे, आणि तेही चाचणी घेऊन. मैदानावर दहा मीटरच्या रेघेवरून सरळ जाताना खांद्यावरून मागे पाहता येते का? एक हात सोडून दिशा दाखवता येते का? ठरलेल्या खुणेवर दोन्ही ब्रेक लावून थांबता येते का? मागे पाहताना सायकल हातभर सरकत असेल तर मूल अजून तयार नाही.

सायकल ‘पुढे वाढेल तेव्हा होईल’ म्हणून मोठी घेऊ नये. सीटवर बसून दोन्ही चवडे जमिनीला टेकायला हवेत. ओल्या रिमवर रबरी ब्रेक सुरुवातीला धरत नाहीत, म्हणून उताराआधीच ते हलके दाबून रिम पुसून घ्यायची सवय लावावी. ब्रेक रबरावरच्या खाचा नाहीशा झाल्या की रबर बदलावे. दप्तर हॅण्डलला अडकवल्याने वळताना तोल जातो, ते कॅरिअरवर बांधावे. छत्री आणि सायकल एकत्र कधीही नको. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटे बसावे. शाळेत छप्पर असलेला सायकल स्टँड नसेल तर खाऱ्या दमट हवेत चेन आणि ब्रेकच्या तारा लवकर गंजतात, आणि मग नादुरुस्त सायकलच रस्त्यावर येते.

सायकलचा पर्याय टिकला नाही की अनेक घरांत मुलांच्या हाती स्कूटर येते. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या विनागियर दुचाकीचाच असतो. नेहमीच्या ११० सीसी स्कूटरला १८ वर्षे पूर्ण लागतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

महामार्ग, खाणपट्टा, फेरी

राष्ट्रीय महामार्ग ६६ सारखा रुंद रस्ता मुलांनी झेब्रावरून ओलांडू नये. तिथे भुयारी मार्गच हवा, दिवे असलेला आणि पाणी न साचणारा. खनिज वाहतुकीच्या रस्त्यांवर शाळा भरण्या-सुटण्याच्या अर्ध्या तासात ट्रक थांबवणे हाच विश्वासाचा उपाय आहे, कारण भरलेल्या ट्रकच्या डाव्या अंगाला चालकाला सायकल दिसत नाही. दिवाडी, चोडणच्या फेरीबोटीतून वाहने एकदम पुंजक्याने बाहेर पडतात. पायी मुलांना आधी उतरवून धक्क्यावरून बाजूला होऊ द्यावे आणि मगच गाड्या सोडाव्यात.

मागणी कुणाकडे

गावातल्या वाटा पंचायतीकडे, मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, फलक व पार्किंगबंदी वाहतूक पोलिसांकडे. पालक-शिक्षक संघाने नकाशा, वेगाचा तक्ता आणि छायाचित्रे जोडून ग्रामसभेत ठराव घ्यावा. गोव्यात सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबरमधल्या रविवारी होते. ऑक्टोबरची सभा सर्वांत सोयीची, कारण डांबराची आणि रंगाची कामे कोरड्या महिन्यांतच होतात. नव्या हॉटमिक्सखाली (डांबराच्या नव्या थराखाली) झेब्रा आणि गतिरोधक गाडले जातात, आणि थरावर थर चढून डांबराची कड मातीपासून वीतभर उंच होते. तिच्यावरून घसरलेली सायकल सरळ गटारात जाते. म्हणून कडा मुरुमाने भरून घेणे आणि पट्टे, गतिरोधक पूर्ववत करणे ही अट कामाच्या आदेशातच लिहून घ्यावी, आणि ते झाल्यावरच कामाचा अंतिम दाखला द्यावा.