मत्स्यखाद्यातील वनस्पती तेले

पाळीव माशांच्या खाद्यात माशाच्या तेलाऐवजी रेपसीड (मोहरीच्या कुळातली तेलबी), सोयाबीन, जवस यांसारख्या तेलबियांचे तेल घालण्याची पद्धत. ती सर्वाधिक रुळली नॉर्वेतील सॅमन-पालनात. तिथल्या खाद्यात १९९० मध्ये सुमारे २४ टक्के माशाचे तेल असे. २०१६ पर्यंत ते १० टक्क्यांवर आले आणि रेपसीडचे तेल त्याच्या जवळजवळ दुपटीवर गेले.

माशाच्या तेलाचा सर्वांत मोठा स्रोत म्हणजे पेरूच्या समुद्रातील अँचोवेटा हा वीतभरही नसलेला मासा. पाळलेला सॅमन वाढत गेला, अँचोवेटा तेवढाच राहिला. त्यात एल निनोच्या वर्षी पाणी तापले की तो विरळ होतो. २०२३ मध्ये पेरूने वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला आणि तेलाचे भाव भडकले.

सॅमनच्या खाद्याची गोळी सच्छिद्र असते. बंद पिंपात तिच्यातली हवा ओढून घेतात, वरून तेल फवारतात. हवा परत सोडली की तेल छिद्रांत शिरते. गोळीच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तेलाचाच.

तेल बदलले म्हणून माशाची वाढ सहसा खुंटत नाही. बदलते ती त्याच्या मांसातली चरबी. जवसात ओमेगा-३ भरपूर असते, पण ते १८ कार्बनच्या साखळीचे. माणसाला हवी असलेली ईपीए आणि डीएचए ही मेदाम्ले अनुक्रमे २० आणि २२ कार्बनची. ही साखळी लांबवणे सॅमनला बेताचेच जमते, जिताड्याला जवळपास नाहीच. गोड्या पाण्यातल्या कार्प माशांना ते बरे जमते. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा खाऊन वाढणाऱ्या रोहू-कटल्याच्या तळ्यावर हा प्रश्न फारसा येतच नाही. स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांना २००६ ते २०१५ या काळात स्कॉटिश सॅमनमधील ईपीए-डीएचए निम्म्यावर आल्याचे आढळले. तरीही इतर बहुतेक माशांपेक्षा ते जास्तच होते, हे बातम्यांत सहसा राहून जाते.

एक उपाय म्हणजे विक्रीआधी काही महिने पुन्हा माशाच्या तेलाचे खाद्य देणे. त्याने आधीची चरबी निघून जात नाही, नव्या चरबीत तिचे प्रमाण घटते इतकेच. दुसरा उपाय मुळाशी जाणारा आहे: समुद्रात डीएचए मुळात सूक्ष्म शैवाले बनवतात, मासा ते साठवतो. अशाच सूक्ष्मजीवांना टाक्यांत वाढवून काढलेले तेल आता सॅमनच्या खाद्यात जाते. शैवालांची जनुके घातलेल्या कॅनोलाच्या (रेपसीडच्याच एका प्रकाराच्या) बियांतूनही डीएचए मिळू लागले आहे. मात्र जनुकबदल केलेल्या पिकांविषयी युरोपातील ग्राहक अजून साशंक आहे.