फरशीखालची शेगडी

डिसेंबरातली पहाट. पलंगावरून पाय खाली टेकवला की फरशी चावते आणि शेजारची सतरंजी मात्र उबदार लागते. दोघी रात्रभर एकाच खोलीत पडलेल्या. थर्मामीटर लावला तर दोघींचं तापमान सारखंच, समजा 17 अंश. तळवा त्याहून बराच गरम. फरशी त्याची उष्णता भराभर ओढून घेते. सतरंजीच्या सुतात अडकलेली हवा ती जाऊ देत नाही. पायाला कळतो तो उष्णता निघून जाण्याचा वेग.

विजेवर तापणारी फरशी हा वेगच कमी करते. फरशी चिकटवायच्या मसाल्यात, जाळीवर नागमोडी बसवलेली काही मिलिमीटर जाडीची केबल असते. तिच्या रोधामुळे विजेची उष्णता होते. इस्त्रीतही हेच घडतं, पण तिथे हजार वॅट वीतभर जागेत कोंबलेले. इथे साधारण 150 वॅट चौरस मीटरभर पसरलेले. केबलच्या दोन फेऱ्यांमध्ये बारीक नळीत सेन्सर असतो. फरशी 28 अंशांच्या आसपास पोचली की तो थर्मोस्टॅटला वीज तोडायला लावतो. केबलखाली इन्सुलेशन हवंच, नाहीतर बिल आपलं आणि ऊब खालच्या मजल्यावरच्या काकूंची.

सेन्सर बिघडला तर नळीतून ओढून बदलता येतो. केबल तशी निघत नाही, फरशी फोडावी लागते. म्हणून जाणता इलेक्ट्रिशियन मल्टिमीटर लावून केबलचा रोध तीनदा मोजतो: अंथरण्याआधी, अंथरल्यावर आणि फरशी बसल्यावर. दोन चौरस मीटरच्या न्हाणीघरातली 300 वॅटची मॅट, म्हणजे जाळीसकट केबल, 230 व्होल्टला सुमारे 176 ओहम दाखवते. आकडा एकदम आभाळाला भिडला, तर मिस्त्रीच्या थापीनं तार तोडली समजायचं. ओल्या जागेत अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) यांत काटकसर नको.

तापलेल्या फरशीची बरीचशी उष्णता किरणांच्या रूपानं थेट अंगाला पोचते, शेकोटीसारखी. धूर नाही, पंखा नाही.

पण नागपुरात हे करावं का? 2018च्या डिसेंबरअखेर इथला पारा 3.5 अंशांवर गेला होता हे खरं; तरी आपली घरं 45 अंशांच्या उन्हाळ्यासाठी बांधलेली. अख्ख्या घरात केबल घालणं मला तरी उधळपट्टी वाटते. एका युनिट विजेतून एकच युनिट उष्णता मिळते. गरम हवा देणारा इन्व्हर्टर एसी तेवढ्याच विजेत बाहेरची उष्णता आत ओढून साधारण तिप्पट देतो. गुडघे धरलेल्या आईच्या न्हाणीघराची गोष्ट वेगळी. तिथे तासाला जास्तीत जास्त 0.3 युनिट, पंधरा लिटरचा गीझर पाणी 20 वरून 60 अंशांवर नेताना 0.7 युनिट खातो.

एक मात्र आहे. मसाला पुरता वाळेपर्यंत बटण दाबायचं नाही, घाईनं तापवला तर तडकतो. त्याला दोन-तीन आठवडेही लागतात. म्हणून काम दिवाळीच्या आसपास काढा. जानेवारीअखेर मिस्त्री बोलावला, तर फरशी तापायला तयार होईपर्यंत घरात कूलरच्या ताट्या कधी बदलायच्या याची चर्चा सुरू झालेली असते.