मागून आलेला जॉब आधी कसा सुरू झाला?

क्लस्टर वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"आमचा नंबर आधी होता, मग त्यांचं काम आधी कसं लागलं?" असा फोन आम्हाला वरचेवर येतो. वशिला नाही, खरंच. क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवर, तुम्ही टाकलेल्या कामांची (जॉबची) रांग स्लर्म हा शेड्युलर, म्हणजे कुणाचं काम कधी लावायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम, सांभाळतो.

समजा, 64 कोअरपैकी (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला हिशोब करणारा एक भाग) 48 कोअर आणखी तीन तास अडकलेत. रांगेत पहिला तुमचा जॉब आहे आणि त्याला सगळे 64 हवेत. असा जॉब अनेक प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तुकड्यांमध्ये, वाटलेला असतो आणि एमपीआय या संदेश पाठवायच्या पद्धतीने त्या सतत एकमेकींशी देवाणघेवाण करतात, त्यामुळे 'आत्ता 16 घ्या, उरलेले नंतर देतो' असं जमत नाही. म्हणजे 16 कोअर तीन तास नुसते बसून. मागे कुणाचा तरी 16 कोअरचा, दोन तासांचा जॉब असेल तर शेड्युलर तो मध्येच चालवून घेतो. तुमची वेळ त्याने एका मिनिटानेही पुढे जात नाही. याला बॅकफिल म्हणतात. अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेने 1995 च्या सुमारास आयबीएमच्या एसपी यंत्रावर ही पद्धत वापरली, तिथून ती सगळीकडे पसरली.

आता तुमच्या हातातली गोष्ट. हा सगळा हिशोब तुम्ही जॉब टाकताना भरलेल्या वेळेवर चालतो. दोन तासांच्या कामाला 'असू दे' म्हणून 24 तास लिहिलेत, तर वरच्या तीन तासांच्या फटीत तुमचा जॉब बसणारच नाही. उलट फार कमी लिहिलेत तर मुदत संपताच स्लर्म जॉब मारतो, मग तो 95 टक्के झालेला का असेना. आधीच्या रनच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) लागलेला वेळ बघा आणि त्यावर पाव हिस्सा जास्त धरा. सॉफ्टवेअरमध्ये चेकपॉइंटची, म्हणजे झालेलं काम मधूनमधून साठवून पुढे तिथूनच सुरू करायची सोय असेल तर ती चालू ठेवाच.

कोअरही बेतानेच मागा. कामाचा 5 टक्के भाग एकामागून एकच होणारा असेल, तर अ‍ॅमडालच्या नियमाप्रमाणे (कोअर कितीही वाढवले तरी हा भाग वेगाला मर्यादा घालतो) एका कोअरच्या तुलनेत 16 कोअरवर वेग सुमारे 9 पट होतो, 64 कोअरवर फार तर 15 पट. कोअर चौपट, वेग मात्र दुप्पटही नाही, म्हणजे बिल वाढणारच आणि रांगेत थांबणं वेगळंच.

रांगेच्या यादीत शेवटच्या रकान्यात 'रिसोर्सेस' दिसलं तर पुरेसे कोअर मोकळे व्हायची वाट आहे. 'प्रायॉरिटी' दिसलं तर पुढे आणखी कुणी आहे. 'लायसन्सेस' दिसलं, तर कोअर मोकळे असूनही सॉल्व्हरचं, म्हणजे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, लायसन्स दुसऱ्याकडे अडकलंय. अशा वेळी जॉब काढून पुन्हा टाकू नका, रांगेतला नंबर जाईल.